समोरच्याची पाच मिनिटं

आमचे सर कुणाचंही कौतुक त्याच्या तोंडावर करत नसत. तोंडावर फक्त चुका. कौतुक करायचं झालं तर माणूस समोर नसताना, आणि तेही भलत्याच कुणाजवळ. आमच्या वर्गातल्या एकाने महाराष्ट्राचा नकाशा फार सुरेख काढला होता. सरांनी तो हातात धरून, कोकणाचा किनारा उंदरांनी कुरतडला आहे का, एवढंच विचारलं. पोरगा रडवेला होऊन घरी गेला. संध्याकाळी त्याचा काका बेकरीत पाव घ्यायला गेला, तर बेकरीवाला म्हणाला, तुमच्याकडे कुणी नकाशे काढतं म्हणे, सर आत्ताच सांगून गेले. काकाने येताना खारी आणली.

हा प्रकार त्यांच्या घरीसुद्धा चाले. जेवताना सर आमटीत मीठ कमी आहे म्हणत आणि आमटी फर्मास झाल्याची बातमी त्यांच्या बायकोला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून मिळे. मुख्याध्यापकांशी त्यांचं हाडवैर होतं. पण बँकेत पैसे भरायच्या रांगेत उभे राहून त्याच मुख्याध्यापकांनी शाळेची गच्ची वेळेत कशी दुरुस्त करून घेतली, याचं वर्णन ते कॅशियरला ऐकवत. रांग खोळंबली तरी त्यांना फिकीर नसे.

कौतुक पोचवायचं त्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे टपाल नाक्यावरचे हमीदचाचा शिंपी. सर वर्षाला दोन पँटी शिवून घेत, पण दुकानात आठवड्याला दोनदा जात. चाचांकडे अख्ख्या पनवेलचे कपडे यायचे, त्यामुळे निरोप बरोबर जायचा. एकदा मी सरांना विचारलं होतं, की सर, तोंडावर बोललं तर काय बिघडतं? ते म्हणाले, "तोंडावर चांगलं बोलायला काही लागत नाही हो. पाठीमागे बोलून दाखवा."

हे 'हो' आणि 'अहो' सगळ्यांना होतं. पाचवीतल्या चिमुरड्यालासुद्धा ते, अहो, तुमचा शेंबूड ओघळतोय, पुसून घ्या, असं अदबीने सांगत. शिकवायला इतिहास-भूगोल आणि नागरिकशास्त्र. गळ्यात नायलॉनच्या दोरीने अडकवलेलं एक स्टॉपवॉच, ते त्यांनी खेळाच्या सरांकडून कधीतरी मागून घेतलेलं आणि परत द्यायचं विसरलेलं. मुलगा फळ्यापर्यंत यायला किती वेळ लावतो इथपासून मुख्याध्यापकांचं भाषण किती चालतं इथपर्यंत सगळं त्यावर मोजलं जाई.

पण सरांचा खरा जीव अडकला होता तो शालेय मंत्रिमंडळात. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं म्हणजे आमच्या पनवेलच्या आसपास इंग्रजी शाळांचं पेव फुटलेलं. तिथे हेडबॉय, हेडगर्ल असत, छातीवर तिरका पट्टा घालून झेंडावंदनाला मिरवत. आमच्या मराठी शाळेत दहावीतला एक मुख्यमंत्री निवडून येई आणि त्याला पट्टा-बिट्टा काही नसे. होता तो एकच अधिकार. वर्षातून एक मागणी. ती मुख्याध्यापकांनी मान्य करायचीच, असा तह सरांनी त्यांच्याशी कधीकाळी भांडून केला होता. एका मुख्यमंत्र्याने सायकलींसाठी पत्र्याची शेड मागितली होती, एकीने मुलींच्या संडासाच्या दाराला कडी. दोन्ही मिळालं होतं.

निवडणूक मात्र जगात कुठे झाली नसेल अशी असे. उमेदवाराने स्वतःविषयी चकार शब्द काढायचा नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी सगळ्या शाळेसमोर पाच मिनिटं बोलायचं ते समोरच्याविषयी, त्याला का निवडून द्यावं यावर. आणि ते हवेत बोलता येऊ नये म्हणून आधी एक दिवस समोरच्याच्या घरून शाळेत यायचं आणि शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत परत जायचं. पालक तक्रार करत. सर त्यांना, पोरगं एक सकाळ दुसऱ्याच्या घरचा चहा प्यायलं तर विरघळणार नाही, असं सांगून वाटेला लावत.

मी दहावीत उभा राहिलो. आम्ही शहरातल्या लाइन आळीत राहणारे, वडील बँकेत. वक्तृत्व स्पर्धांचे कप आमच्या शोकेसमध्ये मावत नव्हते आणि मी मुख्यमंत्री होणार हे वडिलांनी नातेवाइकांत आधीच जाहीर करून टाकलेलं. समोर होती वनिता, हायवेपलीकडच्या रोडपाली गावची. तिच्या घरची भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती, वडील ट्रक चालवत. ती वर्गात फारशी बोलत नसे, कारण बोलली की आम्ही शहरातली मुलं तिच्या 'नाय' आणि 'हाय'ची नक्कल करायचो. त्यात मी पुढे असायचो, हेही सांगून टाकतो.

आधी ती आमच्याकडे आली. सकाळी सहाला दारात हजर. आईने पोहे केले, ते तिने खुर्चीच्या कडेवर बसून खाल्ले आणि घरभर नजर फिरवत राहिली. माझे बूट आई पुसून देते हे तिने पाहिलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी वडिलांच्या मागे स्कूटरवर बसून भल्या पहाटे रोडपालीला गेलो. तिच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे ठेवली आणि, लाजू नको, आमच्यात पोटभर खातात, असं दटावून मला दोन भाकऱ्या खायला लावल्या. सकाळची बस गावाच्या बाजूलाच मिळाली. मला वाटलं, यात बघण्यासारखं काय आहे? आहे ते परत येताना कळलं.

दुपारी पनवेलहून येणारी बस हायवेच्या पलीकडच्या बाजूला सोडते. वनिताबरोबर गावातली पाचवी-सहावीची सात पोरं उतरली. तिने त्यांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात पुढच्याच्या दप्तराचा पट्टा दिला आणि स्वतः ट्रकांच्या बाजूला उभी राहिली. तेव्हा तिथे सिग्नल नव्हता की पूल नव्हता. कंटेनर एकामागून एक धडधडत येत होते. ती नुसती उभी राहून बघत होती, पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरं एवढीशी, पण एक हालत नव्हतं. मग तिने एकदाच "चला" म्हटलं आणि सगळी रांग दुभाजकापर्यंत गेली. तिथे थांबून पुन्हा तेच. मी रांगेत शेवटी होतो आणि माझ्याही हातात कुणाच्या तरी दप्तराचा पट्टा होता. मला भीती वाटली हे मी कुणाला सांगितलं नाही.

पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, "मी रोज नेते यांना. म्हनून माजे जादा तास बुडतात. मी निवडून आले ना, तर एकच मागनी करनार. शाळा सुटली की एक शिपाई यांच्यासंगती इथपर्यंत पाठवा."

शाळा साडेबाराला सुटे आणि दहावीचे गणित-इंग्रजीचे जादा तास एक वाजता सुरू होत. वनिता त्यांना का बसत नाही, याचं उत्तर आम्ही तिला अभ्यासाची आवड नाही असं परस्पर काढून ठेवलेलं होतं.

भाषणाच्या दिवशी पहिली ती बोलली. कागद नव्हता. "हा वर्गात हुशारी मारतो," असं तिने सुरू केलं आणि सगळे हसले. "बूट पन आई पुसते याचे. पन याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तिला वाचता येत नाय अजून. तर हा रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवतो. भाव पन वाचतो भाजीचे. कंटाळत नाय. ज्याला रोज तेच काम करून कंटाळा येत नाय, त्याला मत द्या." एवढं म्हणून ती थांबली नाही. माझ्याकडून पुस्तक घेतलेल्यांची नावं घेऊन घेऊन तिने मी कुणाला काय समजावून दिलं ते सांगितलं. ती वर्गात मागे बसून हे सगळं बघत होती, याचा मला पत्ताच नव्हता. पेपर वाचून दाखवणं हा गुण असतो हेही मला तेव्हाच कळलं. सरांनी स्टॉपवॉच बंद केलं तेव्हा पाच मिनिटांवर थोडे सेकंद झाले होते.

मग मी उठलो. माझ्याजवळ सांगायला तो हायवे होता, ती रांग होती, तिची मागणी होती. ते जसंच्या तसं सांगितलं असतं तर निम्मी शाळा तिच्या बाजूला गेली असती, हे मला व्यासपीठाच्या पायऱ्या चढतानाच कळून चुकलं होतं. मी म्हणालो, ग्रामीण भागातून आलेली ही कष्टाळू कन्या, मनमिळाऊ, नम्र, परिस्थितीशी झुंज देणारी. दोन सुविचार घातले. शेवट हात जोडून केला. टाळ्या चांगल्या पडल्या.

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "दोन मिनिटं झाली. तीन शिल्लक आहेत."

मी म्हटलं, सर, माझं झालं.

"बघा हं," ते म्हणाले. पूर्ण तीन मिनिटं त्यांनी मला तिथे उभं ठेवलं. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो आणि तीन मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी शिकलो.

मी निवडून आलो, थोड्या मतांनी. वनिताने येऊन अभिनंदन केलं आणि म्हणाली, "आता तू कर ती मागनी." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं होतं. पण ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा मित्रांनी कान भरले होते. गॅदरिंगची बोलणी सुरू झाली होती, शाळेचा जुना माईक ऐन भाषणात शिट्ट्या मारायचा, आणि माईकवर सगळ्यात जास्त बोलायचं कुणाला होतं ते सांगायला नको. मी नवा माईक मागितला. शिपाई काय, नंतर अर्ज करूनही मिळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. अर्ज काही केला नाही. वनिताने पुन्हा विषय काढला नाही आणि मला ते बरंच वाटलं. पुढे ती जादा तासांना दिसायला लागली, तेव्हा पोरांना कोण नेतं हेही मी विचारलं नाही.

सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटलं, विसरले. पुढे माझं मुख्यमंत्रिपद झकास झालं. गॅदरिंग गाजलं, शिक्षकांनी पाठ थोपटली. पण बेकरीवाला, दूधवाला, हमीदचाचा, कुणीच कधी म्हणालं नाही की सर तुझ्याबद्दल बोलत होते. मी मुद्दाम चाचांच्या दुकानापाशी रेंगाळायचो. चाचा काखेत टेप धरून विचारायचे, क्या बेटा, काही शिवायचं आहे का?

दहावी झाली आणि मी पनवेलच्या बाजारात सरांना भेटलो. हातात पिशवी, गळ्यात घड्याळ. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझे टक्के विचारले नाहीत. उजवा हात वर करून तीन बोटं दाखवली आणि पुढे गेले.

त्यानंतर दहा-बारा वर्षं हेच. मी पुण्याला शिकलो, तिथेच एका कंपनीत मनुष्यबळ विभागात लागलो. नोकरीला आलेल्या मुलांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांच्यात नेतृत्वगुण आहेत का ते बघायचं, हे माझं काम. दिवाळीला घरी यावं, मिरची गल्लीत किंवा तळ्याच्या काठावर सर दिसावेत आणि त्यांनी लांबूनच तीन बोटं वर करावीत. बायको नवीन होती तेव्हा तिला तो आशीर्वाद वाटला. मी म्हटलं, आमचा जुना विनोद आहे. पुढेपुढे सर दिसले की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात शिरायला लागलो. एकदा घाईघाईत बांगड्यांच्या दुकानात शिरलो आणि दोन डझन बांगड्या घेऊन बाहेर पडलो.

मग एक दिवस शाळेच्या संस्थेतून फोन आला. सर निवृत्त होत होते. माजी मुख्यमंत्री म्हणून मी निरोप समारंभाला बोलावं, असा आग्रह होता. आणि जाता जाता आणखी एक काम. सरांच्या मागे मंत्रिमंडळ कुणाकडे द्यायचं, यावर संस्थेत दोन मतं होती. एक बाहेरची कंपनी लीडरशिप प्रोग्रॅम घ्यायला तयार होती, आठ रविवार, शेवटी प्रमाणपत्र आणि कोट घालून फोटो. दुसरं नाव होतं शाळेतल्याच एका शिक्षिकेचं. सरांची पद्धत जशीच्या तशी चालवीन असं तिने लिहून दिलं होतं. "तुम्ही या क्षेत्रातले," अध्यक्ष म्हणाले, "तुमचं मत महत्त्वाचं. बाई कामाला चांगल्या आहेत, पण बोलणं अगदी गावाकडचं. पाहुण्यांसमोर कसं दिसणार?"

मी बाईंचं नाव विचारलं. वनिता.

समारंभाच्या दिवशी मी तासभर आधीच गेलो. वनिता शिक्षकांच्या खोलीत पाचवीच्या वह्या तपासत होती. शिकवताना ती आता पुस्तकी भाषा बोलत असणार, पण मला बघून म्हणाली, "काय मुख्यमंत्री, जाडा झालास." मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो आणि शेवटी न राहवून विचारलं, की त्या वर्षी त्या पोरांचं पुढे काय झालं?

"तुला ठाऊक नाय?" ती म्हणाली. "तू माईक मागितलास, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून सर आमच्या बसमधे. मला म्हनाले, तुम्ही जादा तासाला बसा. रोज साडेबाराला पोरांना घेऊन जायचे, हायवे पार करून द्यायचे आनि उलट्या बसने परत. वर्षभर. मी पास झाले ती त्याच्यामुळं. पुढची दोन वर्षं पन तेच जात होते. मग पूल झाला."

मी विचारलं, सर तुला माझ्याबद्दल काही म्हणाले का? ती म्हणाली, नाही. तिने एकदा विचारलं तेव्हा सर फक्त म्हणाले, निवडणूक माझी, त्यातली चूकही माझी.

मला तिथे खुर्चीत बसवेना. बारा वर्षं मी ज्यांच्यापासून तोंड लपवत होतो, त्यांनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन रोज दुपारी उन्हातान्हात निस्तरली होती, आणि मी दिवाळीला बांगड्या घेत हिंडत होतो. मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

समारंभालाही सरांची अट होतीच. सरांविषयी कुणी बोलायचं नाही. ज्याला बोलायचं त्याने सभागृहात हजर नसलेल्या माणसाविषयी बोलावं, पाच मिनिटं. अध्यक्षांची पंचाईत झाली, कारण त्यांचं भाषण छापून आणलेलं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी वनिताला शोधलं. ती नव्हती. लहान मुलांची शाळा सुटली होती आणि ती त्यांना बसमध्ये बसवायला गेली होती. पहिल्या रांगेत सगळी संस्था बसली होती. कडेच्या खुर्चीवर सर, गळ्यात हार आणि हाराखाली घड्याळ.

मी सुविचार सांगितले नाहीत. मी हायवे सांगितला. सात पोरं, दप्तराचे पट्टे, ती ट्रकांच्या बाजूला उभी राहायची ते, आणि "चला" ती एकदाच कशी म्हणायची ते. तिची मागणी सांगितली. ती तिने माझ्याकडे सोपवली होती आणि मी माईक मागितला, हेही याच माईकवरून सांगितलं. मग अध्यक्षांकडे बघून म्हणालो, मी रोज नेतृत्वगुण शोधतो. कोट घातलेले खूप बघितले. ट्रक जाईपर्यंत थांबायची अक्कल असलेली मला बारा वर्षांत दुसरी सापडली नाही. ती कशी बोलते हे मला विचारू नका. तिने माझ्यासाठी पाच मिनिटं भाषण केलं होतं, ते मला आजही पाठ आहे. तिच्यासाठी केलेलं माझं मला आठवत नाही.

मी खाली उतरलो. सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या की नाही, मला खरंच सांगता येणार नाही.

नंतर गर्दी ओसरल्यावर मी सरांच्या पाया पडलो. मी विचारलं, सर, तुम्ही तेव्हाच सगळ्या शाळेला का सांगितलं नाहीत? तुम्हाला तर सगळं माहीत होतं.

"मी सांगितलं असतं तर ती माझी मिनिटं झाली असती," ते म्हणाले. मग नेहमीसारख्या कपाळाला आठ्या घातल्या. "तुमचा तो माईक अजून शिट्टी मारतो हो. तेव्हा नीट बघून घ्यायचा होता." एवढंच. बोटं दाखवली नाहीत.

पुढच्या महिन्यात मंत्रिमंडळ वनिताकडे गेलं. ते मला संस्थेच्या पत्रातून कळलं. कोटातले फोटो राहूनच गेले.

आणि त्यानंतर एका रविवारी आईचा फोन आला. ती हमीदचाचांकडे ब्लाउज टाकायला गेली होती. चाचा म्हणाले, "आपा, तुमच्या लेकाची तारीफ चाललीय. मास्तरसाहेब येऊन सांगून गेले, माशाल्ला, पोराने पाच पूर्ण केली म्हणून." आईला त्यातलं काही कळलं नव्हतं. ती विचारत होती, पाच काय रे? मी म्हटलं, आई, नंतर सांगतो, आणि फोन ठेवला.

सरांना फोन करावा असं फार मनात आलं. नंबरही काढला. मग तसाच ठेवून दिला. पुढच्या शनिवारी पनवेलला आलो, तो घरी जायच्या आधी टपाल नाक्यावर उतरलो आणि चाचांना म्हटलं, एक पँट शिवायची आहे. ते माप घेत होते तेव्हा मी त्यांना सर, तो हायवे आणि साडेबाराची बस यांविषयी सांगत राहिलो. पाच मिनिटांहून जास्तच झालं असेल. चाचांनी खडूने मापं लिहून घेतली आणि म्हणाले, मास्तरसाहेबांची पँट तयार आहे, संध्याकाळी न्यायला येतील.